मदत हवी आहे: कॅनडात बॉम्बे रक्तगट

नमस्कार मंडळी. माझी वहिनी मिसिसागाला (ओंटारियो प्रांत) असते, सातवा महिना चालू आहे. इतकी वर्षं तिचा गट 'ओ' समजत होतो, आता तपासणीत बॉम्बे रक्तगट निघाला. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे यांनी शोधलेला तोच. यात तांबड्या पेशींवरचा एच अँटिजेन हा घटकच नसतो, तो 'ओ' रक्तात असतो, त्यामुळे साधं 'ओ' रक्तसुद्धा चालत नाही, रिअॅक्शन येते. बॉम्बे गटाचाच दाता लागतो.

तिकडे रक्त कॅनेडियन ब्लड सर्व्हिसेस पुरवते (क्वेबेकमध्ये हेमा-केबेक). १९८० च्या दशकातल्या दूषित रक्ताच्या प्रकरणानंतर, त्याची चौकशी करणाऱ्या क्रेव्हर आयोगाच्या अहवालावरून १९९८ मध्ये ही संस्था उभी राहिली, म्हणून सुरक्षिततेची फारशी काळजी नाही. काळजी आहे ती रक्त वेळेवर मिळण्याची. फ्रिजमध्ये तांबड्या पेशी ४२ दिवसच टिकतात, दुर्मीळ गटाच्या मात्र गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतात म्हणे.

ओंटारियोत कुणी यातून गेलंय का? गोठवलेली पिशवी राखून ठेवायला हॉस्पिटलला किती आधी सांगावं लागतं? दादाचा गटही तपासायचाय, पण तो नुकताच भारतातून परतलाय. मलेरियाच्या भागातून आल्यावर काही काळ रक्तदान करता येत नाही, त्या नियमामुळे रक्त द्यायला त्याला किती थांबावं लागेल? आणि वहिनीच्या सख्ख्या भावाचा गट जुळण्याची शक्यता जास्त ना? तो नाशिकला आहे, तपासणी इथे कुठे करावी?