मदत हवी आहे : अडतीच्या सर्व्हरसाठी रायझन घ्यावा की एपिक?

सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या हळदीच्या अडत पेढीवर सौदे संपताच सगळे कारकून एकदम हिशेबपट्ट्या करू लागतात आणि जुना संगणक अडखळतो. म्हणून नवा सर्व्हर जुळवायचा आहे. एएमडी कंपनीच्या रायझन ९ ७९५०एक्स व एपिक ९१२४ या दोन्ही प्रोसेसरांत १६ कोअर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग) आहेत. पहिल्याचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.७. मात्र एपिकला मेमरीचे १२ चॅनेल (प्रोसेसर व मेमरीमधील मार्ग) मिळतात, रायझनला दोनच. आमचा डेटाबेस ६४ जीबीत आरामात मावतो, त्यामुळे मला तरी वेगच मोलाचा वाटतो; पण शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब असल्याने ईसीसी (म्हणजे साठवलेल्या माहितीतील चूक आपोआप दुरुस्त करणाऱ्या) मेमरीचा आग्रह सोडवत नाही. मदरबोर्डची साथ असल्यास रायझनवर अनबफर्ड (बफर चिप नसलेली) ईसीसी चालते. असा मदरबोर्ड कोणी रोज वापरत असल्यास, मेमरीतील चूक दुरुस्त झाल्याची नोंद लिनक्समध्ये खरोखर दिसते का, हे कृपया कळवावे.