ऐकायचं पुस्तक: वाचणारा कसा पारखायचा? (सोसायटी ग्रुप, जळगाव)

बी-३०४ वहिनी: पापडाचे दिवस आले. दोन्ही हात पिठात असतात, म्हणून दुपारी गच्चीखालच्या हॉलमध्ये स्पीकरवर सगळ्यांनी मिळून कादंबरी ऐकायचं चाललंय. चार पुस्तकं मनात आहेत. वाचणारा चांगला आहे की नाही, हे पैसे भरायच्या आधी कसं ओळखायचं? नमुना पाच मिनिटांचा मिळतो.

ए-१०२ नाना: पाच मिनिटं पुष्कळ झाली. पहिलं मिनिट धरू नका, तेवढं प्रत्येक जण जपून वाचतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला नुसता वाक्याचा शेवट ऐका. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' त्याच्याही मागून. "आईनं दार उघडलं, पण ती बाहेर आली नाही." वाचणाऱ्याचा श्वास 'आली'पाशीच संपला की 'नाही' घशात राहतं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आई बाहेर येऊन उभी राहते. पुढची दोन पानं मग काही केल्या जुळत नाहीत. पुस्तक हातात असलं तर नजर मागे वळते. पिठाच्या हातानं फोन मागे कोण नेणार?

बी-३०४ वहिनी: हे कधी लक्षातच आलं नव्हतं. अजून काय ऐकायचं?

ए-१०२ नाना: सूर. वीस वाक्यं ऐकून डोळे मिटा. प्रत्येक वाक्य एकाच जागी चढतंय आणि एकाच जागी उतरतंय असं वाटलं, तर ते पुस्तक सोडा. बातम्यांचा सूर, शाळेतल्या धड्याचा सूर, कीर्तनातला हेल, हे सगळे आपापल्या जागी उत्तम. आठ तासांच्या कादंबरीत मात्र सूर ठरीव झाला की कान अर्थ सोडून ठेक्यावर डुलायला लागतो आणि झोप येते. वाचणाऱ्यानं पुस्तक आधी पूर्ण वाचलेलं नसलं की असं होतं. पुढे काय येणार हे ठाऊक नसतं, म्हणून तो प्रत्येक वाक्य सारख्याच वजनानं ठेवून देतो.

ए-४०१ ताई: उच्चारांवरून तर एका मिनिटात कळतं. च आणि ज ऐका. 'चार' मधला च वेगळा, 'चारा' मधला वेगळा. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ एकच नाही. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहायला सारखेच, म्हणायला वेगळे. लिपीत ही खूण नसते, ती वाचणाऱ्याच्या तोंडात असावी लागते. यंत्राचा आवाज पुष्कळदा नेमका इथे फसतो, कारण कोणता 'जरा' ते अक्षरावरून कळत नाही, अर्थावरून कळतं.

सी-२०१ भाऊ: आणि संवाद. दोन पात्रं बोलतात तो भाग नमुन्यात असेल तर तिथे थांबून ऐका. पुरुष वाचक बाईचं बोलणं आवाज चिरकवून काढत असेल तर पुढचे तास जड जातात. चांगला वाचक आवाजाची पट्टी जवळपास तीच ठेवतो. वेग, वजन आणि शब्दांमधली जागा बदलतो, तेवढ्यानं पात्र उभं राहतं. "तो म्हणाला", "ती म्हणाली" हे हलकं, झटकन आणि थोडं खाली जायला पाहिजे. तेही रंगवून वाचलं की संवादाचा दोर तुटतो.

ए-४०१ ताई: भाऊ, पात्रांच्या बोलीचंही लिहायला हवं. खान्देशातलं पात्र असलं की पुष्कळ वाचक नाटकातली ठरलेली 'गावरान' बोली लावून देतात, तीही पश्चिम महाराष्ट्राकडची. आपल्याकडचा माणूस तसा बोलतच नाही. अहिराणीत "कथा जाई ऱ्हायना?" (कुठे चाललाय?) असं असतं. त्यातला 'ऱ्हा' एका झटक्यात, श्वासासकट यायला हवा. शहरी वाचक त्याचं 'रा-हा-य-ना' करतो आणि वाक्य मोडून पडतं. ळ चा य होतो, डोळ्याचा 'डोया'. यावल-रावेरकडच्या लेवा गणबोलीतही तो य आहे, पण तिची चाल अहिराणीपेक्षा निराळी. धुळ्याकडचं पात्र आणि यावल-रावेरकडचं पात्र एकाच तोंडानं बोललं तर इथल्या माणसाचा विश्वास तिथेच उडतो. बोली येत नसेल तर वाचकानं साधं, सरळ वाचावं. ते कानाला खपतं, सोंग खपत नाही.

ए-१०२ नाना: शंभर टक्के. बोली हसवायला वापरली की पात्राचा मान जातो. हे मला फार लागतं.

सी-३०२ दादा: वेग दीडपट ठेवला तर? आठ तासांचं सव्वापाच-साडेपाच तासांत होईल.

सी-२०१ भाऊ: होईल, पण आज ॲप वेग वाढवताना आवाजाची पट्टी तशीच राखतं आणि शब्दांबरोबर विरामही आखडतं. वाचकानं 'पण' च्या आधी ठेवलेला एका सेकंदाचा विराम दीडपटीला पाऊण सेकंदाच्याही आत येतो. माहितीच्या पुस्तकाला चालेल. कथेत नुकतंच कोणी गेल्याचं कळलं आणि लगेच पुढचं वाक्य आलं, तर ते मनात उतरायला जागाच राहत नाही. फार संथ वाचन असेल तर १.१, फार तर १.२. आणि शांत जागा कापून टाकायची सोय काही ॲपमध्ये असते, ती कथेला बंदच ठेवा. वाचकाची निम्मी मेहनत त्या शांत जागांत असते.

बी-१०१ आक्का: स्पीकरवर शब्द नीट कळत नाहीत, नुसता आवाज घुमतो. काय करावं?

सी-२०१ भाऊ: आक्का, स्पीकर कोपऱ्यात किंवा भिंतीला टेकून ठेवला की खर्ज फुगतो. भिंतीपासून हातभर पुढे आणि बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा. बास (जाड, खालचा आवाज) कमी करा, ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) थोडा वाढवा. वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. स, श, ख, फ हे त्यातलेच, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. नुसता व्हॉल्यूम वाढवून भागत नाही. मागे संगीत चालू असलेलं वाचनही टाळा, ते याच व्यंजनांवर बसतं. कूलरचं तोंड दुसरीकडे फिरवा.

बी-३०४ वहिनी: आता दुसरं. आक्का आणि ए विंगमधल्या दोघा आजोबांसाठी आपणच काही वाचून रेकॉर्ड केलं तर? ताईंचा आवाज आहेच.

ए-४०१ ताई: वाचेन. पण हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं, आधी बघू. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. अमळनेरला शिकवणारे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं. आसोद्याच्या बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये. लेखकाच्या मागे प्रसिद्ध झालं तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून तीही २०१३ पासून मोकळी. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा मात्र वाचायच्या नाहीत, त्यांचा हक्क त्या लिहिणाऱ्यांचा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ना नफा तत्त्वावर ऐकण्याजोगी प्रत करायला २०१२ च्या दुरुस्तीनं वेगळी मुभा दिलीय, पण ती प्रत त्यांच्यापुरतीच ठेवायची, ग्रुपवर टाकायची नाही.

ए-१०२ नाना: बहिणाबाईंपासूनच सुरू करा. ती गाणी मुळात तोंडून कानात गेलेली, कागदावर दुसऱ्यांनी उतरवली. फक्त शाळेतल्या कवितेच्या चालीवर म्हणू नका, बोलल्यासारखं म्हणा.

बी-३०४ वहिनी: वेळ किती लागेल?

सी-२०१ भाऊ: मिनिटाला साधारण १२० शब्द धरा. ५० हजार शब्दांचं पुस्तक सात तासांच्या आसपास जातं. आणि तयार एका तासामागे नवख्या माणसाचे पाच-सहा तास मोडतात, वाचायचे आणि कापायचे मिळून. म्हणून पहिल्यांदा २० मिनिटांचंच काही घ्या.

खोली लहान निवडा, कपाटं भरलेली. दोन बाजूंना गोधड्या टांगा, घुमणं जातं. पंखा, कूलर, फ्रिज बंद. काम झाल्यावर फ्रिज चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्यावर ठेवा. फोन एरोप्लेन मोडवर. माइक तोंडापासून एक वीत आणि थोडा तिरपा, समोरासमोर नको. आपल्या भाषेत भ, फ, घ, ठ पावलोपावली येतात, सरळ माइकवर आले की 'भप्' असा ठोका बसतो. खोलीतली नुसती शांतता ३० सेकंद आधी रेकॉर्ड करून ठेवा, तुकडे जोडताना मध्ये तीच घालायची. कोरी शांतता घातली की कानाला खड्डा जाणवतो.

चुकलं तर थांबू नका. एक टाळी वाजवा, वाक्य मुळापासून पुन्हा वाचा. कापताना पडद्यावर आवाजाचा आलेख असतो, त्यात टाळीचा उंच खांब लगेच दिसतो, कापायला सोपं. अर्ध्या वाक्यापासून वाचू नका, जोड कळतो. श्वास सगळे पुसू नका, हळू करा. अजिबात श्वास नसला की ऐकणाऱ्याचाच जीव कोंडतो.

ए-४०१ ताई: फाइल कशी ठेवायची?

सी-२०१ भाऊ: मोनो (डावा-उजवा वेगळा नाही, एकच आवाज), रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ. व्यावसायिक वितरक मागतात ती मोजमापं आपणही पाळू: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सगळ्यात मोठा आवाज उणे ३ च्या आत, मागची खरखर उणे ६० पेक्षा कमी. आवाज रेकॉर्ड करायचं आणि कापायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सगळं दिसतं. दुसऱ्या दिवशी बसताना आदल्या दिवशीची शेवटची दोन मिनिटं आधी ऐका. सकाळचा आवाज जाड असतो, संध्याकाळचा चढतो. तीच वेळ, तेच अंतर ठेवलं नाही तर प्रकरणाच्या मध्येच माणूस बदलल्यासारखा वाटतो. प्रत्येक पात्राचे दहा सेकंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, दहाव्या प्रकरणात तो म्हातारा परत आला की आधी ते ऐकायचे.

ए-४०१ ताई: बसण्याआधी दूध-दही-चहा नको ना?

सी-२०१ भाऊ: नको. तोंड चिकट होऊन शब्दांमध्ये टचटच येते. साधं पाणी, माठातलं गार नको. हिरव्या सफरचंदाची फोड चावली तर टचटच कमी होते. पाऊण तासाला उठायचं, आवाज बसायच्या आधी.

ए-१०२ नाना: उन्हाळ्यात सकाळी साडेपाचलाच बसा. सातनंतर सगळीकडे कूलर लागतात आणि खालून भाजीवाल्याची गाडी येते.

बी-१०१ आक्का: गोधड्या माझ्याकडून दोन घ्या. जाड आहेत.

ए-४०१ ताई: शनिवारी साडेपाच, माझ्याकडे. नाना, तुम्ही डोळे मिटून समोर बसा आणि जिथे 'नाही' ऐकू आलं नाही तिथे हात वर करा.

ए-१०२ नाना: येतो.