मदत हवी आहे: आरबीआय रोखे घेते तेव्हा पैसा कुठून येतो? संचालकांना समजावायचंय

नमस्कार मंडळी,
कोल्हापुरातल्या एका छोट्या नागरी सहकारी बँकेत गुंतवणुकीचं टेबल माझ्याकडे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे पैसे देते तो) ५.२५ टक्क्यांवर आणला आणि त्याच दमात खुल्या बाजारातून १ लाख कोटींचे सरकारी रोखे घेणार असं जाहीर केलं. झालं! शाहूपुरीत गुळाची अडत असलेले आमचे एक संचालक म्हणाले, "म्हणजे सरकार कर्ज काढणार आणि आरबीआय नोटा छापून ते घेणार. रोख्यांचे भाव चढणारच की. लांब मुदतीचं घ्या, ढीगभर घ्या."

आरबीआय एप्रिल २००६ पासून सरकारकडून थेट रोखे घेत नाही, हे मी सांगितलं. त्यावर साहेब म्हणतात, "सरकारी रोख्यांच्या शुक्रवारच्या लिलावात बँकेनं घ्यायचं, पुढच्या आठवड्यात आरबीआयला विकायचं. मग फरक काय ऱ्हायला?" माझी बोलती बंद.

शिवाय जून २०२५ ला रेपोत अर्धा टक्का कपात होऊनही १० वर्षांच्या रोख्याचं यील्ड (आजच्या भावाने घेतल्यास मिळणारा परतावा; भाव पडला की हे वाढतं) पुढे वरच सरकलं. ते कसं? लिंका नकोत, त्या वाचून झाल्यात. जाणकारांनी साध्या भाषेत सांगावं.

निवृत्त_रोखपाल:
नोटा छापत नाहीत हो. रोखे विकणाऱ्या बँकेच्या आरबीआयकडच्या खात्यात रक्कम जमा होते, बस. पैसा नवाच, पण तो बँकांच्या आपसातल्या व्यवहारात फिरतो. कर्जाला मागणी नसेल तर तिथेच पडून राहतो.

आता फरक. १९९७ पर्यंत सरकारच्या खात्यात खडखडाट झाला की तदर्थ ट्रेझरी बिलं (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचे कागद) निघायची, ४.६ टक्के व्याजाने, आणि ती आरबीआयच्या गळ्यात पडायची. नाही म्हणायची सोयच नव्हती. आज किती घ्यायचं, कधी घ्यायचं, हे आरबीआय ठरवते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास (२ वर, २ खाली) ठेवायची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर आहे, त्यामुळे उद्या तेच रोखे विकून पैसा परत ओढूनही घेईल. तुमच्या साहेबांचा संशय अगदीच वावगा नाही म्हणा. मोठी खरेदी झाली की सरकारला कर्ज स्वस्त पडतंच.

तिरका_बाण:
+१. आणखी एक. रुपया सावरायला आरबीआय डॉलर विकते तेव्हा बाजारातले रुपये तिच्याकडे जातात. लोकांच्या हातातली रोकड वाढते तीही बँकांमधूनच जाते. रोखेखरेदी बऱ्याचदा हा खड्डा भरण्यापुरतीच असते. २०२५ च्या सुरुवातीला हेच झालं.

जूनचं म्हणाल तर कपातीबरोबर धोरणाचा पवित्रा 'न्यूट्रल' झाला, म्हणजे पुढे दर वर-खाली कुठेही जाऊ शकतो. बाजाराने ओळखलं, आता फार कपात उरली नाही. रेपो म्हणजे एका रात्रीच्या पैशाचा भाव. १० वर्षांच्या यील्डमध्ये पुढची महागाई, सरकारची उसनवारी सगळं येतं.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. तदर्थ बिलांचं माहीत नव्हतं. पण "ढीगभर घ्या" याला काय उत्तर देऊ?

निवृत्त_रोखपाल:
आकडे ठेवा पुढ्यात. ७ टक्के कूपनचा (ठरलेल्या व्याजाचा), १० वर्षं उरलेला रोखा १०० ला घेतला. यील्ड साडेसहा झालं तर भाव सुमारे १०३.६०, साडेसात झालं तर साडेशहाण्णव. ५ कोटी दर्शनी किमतीवर सतरा लाखांचा खड्डा. एएफएसमध्ये (विक्रीसाठी ठेवलेल्या रोख्यांत) असेल तर तरतूद करावी लागणार, एचटीएममध्ये (मुदतीपर्यंत धरून ठेवायच्या रोख्यांत) असेल तर ताळेबंदात दिसणार नाही, पण मधेच विकायची वेळ आली की बसेल. तुमच्या ठेवी बहुतेक वर्ष-दोन वर्षांच्या असणार, आधी त्याचं कोष्टक काढा.

धागाकर्ता:
कोष्टक काढतो. एएफएसमधले जुने रोखे सध्या नफ्यात आहेत, ते आत्ता विकावेत का यावरही कुणी लिहा.