नगरोटा : चकमक तीन तासांची, माग सीमेपर्यंत

जम्मूजवळच्या नगरोट्यातल्या चकमकीत ट्रकमधले चौघे अतिरेकी मारले गेले, विषय संपला, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. १९ नोव्हेंबर २०२० ला पहाटे जम्मू-श्रीनगर महामार्गावर बन टोलनाक्याजवळ जे घडलं, त्यातली गोळीबारानंतरची गोष्टच जास्त महत्त्वाची आहे.

ट्रक तपासणीसाठी थांबवला, चालक पळाला आणि आतून गोळीबार सुरू झाला. दोन पोलीस जखमी झाले. ट्रकमधून ११ एके रायफली आणि ढिगाने ग्रेनेड निघाले. जिल्हा विकास परिषदेच्या निवडणुकीचं मतदान २८ तारखेपासून होतं, म्हणजे जेमतेम नऊ दिवसांवर. एवढा साठा कशासाठी चालला होता, याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

पण पोलीस तिथे थांबले नाहीत. हे अतिरेकी आत आले कुठून, याचा शोध सुरू झाला आणि तीनच दिवसांत सांबा भागात भारत-पाकिस्तान सीमेखालून खणलेलं, सुमारे दीडशे मीटर लांबीचं भुयार सापडलं. माझ्या मते खरं यश हे.

आणखी एक. याच नाक्यावर ३१ जानेवारी २०२० लाही ट्रक अडवल्यावर चकमक होऊन तीन अतिरेकी मारले गेले होते. वर्षभरात दोनदा तोच रस्ता, तीच पद्धत! पळालेले आणि पकडलेले चालक, त्यांना ट्रक देणारे, वाटेत आसरा देणारे, या साखळीबद्दल आपण फारच कमी बोलतो. नाक्यावर अंधारात ताडपत्री वर करून पाहणाऱ्या शिपायाला मात्र पुढचा ट्रकही तसाच तपासावा लागतो.