मदत हवी आहे : छोट्या कॉलेजची फुटबॉल टीम वरच्या पातळीवर टिकते का?

नमस्कार मंडळी. मुलगा अमेरिकेत एका छोट्या युनिव्हर्सिटीत शिकतो. तिथला फुटबॉल (म्हणजे हातात चेंडू घेऊन पळतात तो!) सध्या एफसीएस या खालच्या गटात आहे आणि आता एफबीएस या सर्वात वरच्या गटात जायची कुजबुज सुरू आहे. पोरं खुशीत, मी मात्र फीच्या काळजीत.

थोडं वाचलं. ॲपलाचियन स्टेट युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये वरच्या गटातल्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर 34-32 हरवलं, तेव्हा ते एफसीएसमध्येच होते. वर गेले 2014 मध्ये. जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीवाले 2022 मध्ये वर आले आणि दुसऱ्याच वर्षी नियमित मोसमातले 12 पैकी 11 सामने जिंकले. पण आयडाहो विद्यापीठ 2018 मध्ये गुपचूप खाली परतलं, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

शिवाय 2023 मध्ये एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची संघटना) वर जाण्याची अर्ज-फी 5 हजार डॉलरवरून थेट 50 लाखांवर नेली. हे तर नुसतं दारात उभं राहायचं भाडं. पुढे जास्त स्कॉलरशिप, मोठं स्टेडियम, लांबचे प्रवास. आणि चांगला खेळाडू तयार केला की ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) मोठी कॉलेजं त्याला उचलतात.

या टीम जिथल्या आहेत त्या व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना किंवा आयडाहोत राहणाऱ्यांनी सांगा ना, टीम वर गेल्यावर मुलांच्या बिलातली ॲथलेटिक फी खरंच वाढली का? आणि दोन-तीन मोसम हरल्यावर स्टेडियममध्ये कोणी फिरकतं का?