जुन्या बोटीचे स्टीअरिंग जड झाले आहे

प्रश्न: कर्लीच्या खाडीत वापरत असलेल्या माझ्या १६ फुटी फायबर बोटीचे केबलवर चालणारे स्टीअरिंग, पावसाळाभर बोट किनाऱ्यावर झाकून ठेवल्यानंतर, इतके जड झाले आहे की वळताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. केबलमध्ये तेल सोडावे का?

पहिले उत्तर: आधी दोष कुठे आहे ते पाहावे. केबलचा दांडा इंजिनाला जोडणारा बोल्ट काढून इंजिन हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवावे. तेच अडत असेल, तर जुने काळपट ग्रीस बाहेर पडेपर्यंत इंजिनाच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या छोट्या तोंडातून) नवे ग्रीस भरावे.

दुसरे उत्तर: माझ्या बोटीत दांडा ज्या नळीतून सरकतो, तिच्यातच मिठाची पांढरी पूड आणि दगडासारखे सुकलेले ग्रीस होते. दांडा काढताना हातोडा थेट मारू नये, मध्ये लाकडी ठोकळा धरावा. मग नळी गोल ब्रशने घासून मरीन ग्रीस लावावे.

प्रश्नकर्ता: इंजिन एका हाताने सहज फिरले. नळीही साफ केली. मात्र दांडा सुटा असतानाही चाक जडच आहे.

पहिले उत्तर: मग बहुधा केबलच गेली आहे. वेष्टणाला तडा जाऊन आतली तार गंजली, की तेलाचा उपयोग होत नाही. तेवढ्याच लांबीची नवी केबल घ्यावी, आणि बोल्टला नायलॉनचा नट असल्यास तोही नवाच बसवावा.