मदत हवी आहे: कॉलनीला लागून असलेली जमीन इंडस्ट्रियल झोनमध्ये जातीय, हरकत कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत राहते, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जमीनमालक आमच्याच गल्लीतले आहेत, रोज दारात गाठ पडते.

आमच्या कॉलनीला लागून ओढ्यापर्यंत मोकळी जमीन आहे, मंजूर डीपीत (शहराच्या विकास योजनेत) ती यलो झोन म्हणजे रहिवास विभागात आहे, आणि गेल्या आठवड्यात पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात जाहीर नोटीस आली की ती "रहिवास विभागातून वगळून औद्योगिक विभागात समाविष्ट करणे", नगररचना कायद्याचं कलम 37, हरकती व सूचना एका महिन्यात. शेजारच्या काकूंनी पुडी बांधायला पेपर घेतला म्हणून दिसली, नाहीतर कुणाला पत्ताच नव्हता.

आता कुणी म्हणतंय फौंड्री (धातू वितळवून ओतायचा कारखाना) येणार, कुणी म्हणतंय नुसतं कोल्ड स्टोरेज आहे कशाला ओरडताय. आमच्यात निम्म्या घरांना बोअरचंच पाणी आहे, आणि 2019 च्या पुरात कृष्णेचा फुगवटा ह्याच ओढ्यातनं आत आला होता, पहिल्या दोन गल्ल्या पाण्यात होत्या.

आम्ही एक मोठा अर्ज करून सगळ्यांच्या सह्या घेतोय. पण कॉलनी गुंठेवारीतली (म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडून विकलेली) आहे, बऱ्याच जणांचं नियमित झालेलं नाही, त्यामुळं लोक सही करायला घाबरतेत, म्हणतेत उद्या आपल्यालाच नोटीस काढतील. भाडेकरूंना तर वाटतंय आपला संबंधच नाही. कुणी असं केलं असेल तर सांगा प्लीज, माहितीच्या अधिकारात फाईल मागवायची का आधी?

कृष्णाकाठ:
ताई, माहिती अधिकार टाका, 10 रुपयांचं काम आहे, पण त्याच्यावर बसून राहू नका. त्यांना उत्तर द्यायला 30 दिवस असतात आणि तुमची हरकतीची मुदतपण महिन्याचीच, म्हणजे कागद हातात येईपर्यंत खेळ संपला. नोटीस नीट वाचा, नकाशा ऑफिसच्या वेळेत बघायला ठेवलाय असं खाली लिहिलेलं असतं. दोघं-तिघं मिळून जा, गट नंबर आणि चतुःसीमा उतरून घ्या, भाग नकाशाची नक्कल मागा. मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची तेही नोटीशीतच असतं, काही ठिकाणी राजपत्रात आल्यापासून धरतात, तुम्ही मात्र पेपरची तारीख धरूनच चाला.

गुंठेवारीचं घाबरू नका. नगररचना कायद्यात (1966 चा) हरकत कुणीही व्यक्ती घेऊ शकते, मालकीची अट नाही, भाडेकरूपण चालतो. नियमितीकरणाचा विषय वेगळा, 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची प्रकरणं त्यात घेतलीत, तो अर्ज स्वतंत्र करा, ह्याच्यात मिसळू नका.

आणि एका अर्जावर दोनशे सह्या म्हणजे रजिस्टरला हरकत बऱ्याचदा एकच पडते. घरटी वेगळा अर्ज द्या, प्रत्येकाची पोच शिक्क्यासकट घ्या.

ओढ्यापलीकडचा:
जरा उलटं बोलतो, राग नको. आमच्याकडची पोरं दहा-बारा हजारासाठी पुण्या-चाकणला खोल्या करून राहतेत. गावात कारखाना आला की लगेच विरोध. मग यायचं कुठं त्यांनी?

धागाकर्ती:
दादा राग कसला, माझा भाऊच चाकणला आहे. पण कुपवाड, मिरज, पलूसला एमआयडीसी आहेतच की, आमच्या बोअरपासून हाकेच्या अंतरावरच कशाला?

कृष्णाकाठ:
हे वाक्य अर्जात लिहू नका बरं का 🙂 भावनेवर सुनावणी टिकत नाही. आणि फौंड्री की कोल्ड स्टोरेज ह्या वादात तर अजिबात पडू नका. झोन बदलतो तो जमिनीचा, कंपनीचा नाही. एकदा औद्योगिक झाली की आज कोल्ड स्टोरेज बांधतील, उद्या विकतील, घेणारा त्या झोनमध्ये जे बसतं ते काढेल. तेच लिहा.

दुसरं, कलम 37 चा फेरबदल विकास योजनेचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा असं कायदाच म्हणतो. तिन्ही बाजूंनी वस्ती आणि मधे औद्योगिक तुकडा हे स्वरूप बदलणं नाही का, असा मुद्दा घ्या. तिसरं, जलसंपदाच्या नकाशावर त्या जमिनीतनं निळी पूररेषा (नेहमी येणाऱ्या पुराची हद्द) जाते का ते बघा, लाल रेषा वेगळी, ती क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. 2019 चे पंचनामे घराघरात असतील, त्याच्या झेरॉक्स जोडा. बोअरचं पाणी सरकारी लॅबला तपासून रिपोर्ट ठेवा, पुढं कधी बिघडलं तर आधी कसं होतं ते दाखवता येईल.

धागाकर्ती:
पंचनामे आहेत बऱ्याच जणांकडं, हे डोक्यातच नव्हतं आलं. सुनावणीला वकील लावावा लागतो का? वर्गणीवरनं आत्ताच भांडणं चालू झालीत.

कृष्णाकाठ:
नाही लागत. हरकत देताना "सुनावणीची संधी मिळावी" ही ओळ मात्र टाका, आणि गेल्यावर जे बोलाल ते लेखीपण द्या. नगरपरिषदेनं पुढं पाठवलं तरी मंजुरी शासनाची असते, म्हणून पोचेच्या प्रती नगर विकास विभाग आणि जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाला स्पीड पोस्टानं आत्ताच पाठवून ठेवा. वकिलाचे पैसे लागलेच तर मंजुरीनंतर हायकोर्टात लागतील, तेव्हा भांडा वर्गणीवरनं.